निरोगी मेंदू आणि रोग्याची गोळी

सुरतेच्या उधना भागात राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. कुटुंब मराठी, पोटापाण्यासाठी सुरतेस जाऊन त्यांस वीसएक वर्षे झाली. थोरल्या मुलास चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया हा मनोविकार जडला. कोणी बोलत नसता त्यास आवाज ऐकू येत, शेजारी आपल्या अन्नात विष कालवतात असे वाटे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून औषध सुरू झाले आणि हळूहळू ते आवाज थांबले. धाकटा मुलगा यंत्रमागावर रात्रपाळीस जातो. दिवसा डोळ्यांस डोळा लागेना, म्हणून त्याने एके सकाळी भावाच्या पाकिटातील ओलान्झापिनची एक गोळी कोणास न विचारता घेतली. संध्याकाळपर्यंत तो जागा होईना. उठला तो भिंतीस धरून. रात्री मागापुढे उभा राहिला, तेव्हा तुटलेला धागा डोळ्यांस दिसत होता, पण हात पुढे होईना. मुकादमाने वेळीच बाजूस बसविले म्हणून बोटे वाचली.

या भगिनीचा प्रश्न असा: जी गोळी माझ्या धडधाकट मुलाची एका दिवसात ही गत करते, ती माझ्या आजारी मुलाच्या मेंदूचे चार वर्षांत काय करीत असेल? ती मी बंद करू का?

प्रश्न आईचा आहे आणि तो रास्त आहे. अशीच शंका आपल्या गावागावांतील अनेक घरांत मनातल्या मनात राहते, आणि मग एके दिवशी गोळ्यांचे पाकीट फडताळात मागे सारले जाते. म्हणून या खेपेस आम्ही या एकाच विषयाचा विचार करणार आहोत. मनोविकारावरील औषध निरोगी माणसाने घेतले असता त्याच्या मेंदूत काय घडते, हे शास्त्रज्ञांनी मुद्दाम तपासून पाहिले आहे. त्या तपासणीतून निघणारे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. तरी वाचकांनी ते शेवटपर्यंत ऐकावे अशी विनंती आहे.

प्रथम मेंदूच्या विजेविषयी दोन शब्द. आपल्या मेंदूतील कोट्यवधी पेशी एकमेकींशी बोलतात त्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या व काही रसायनांच्या साहाय्याने. ही वीज किती सूक्ष्म? टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर मोजता येणारी मेंदूची लहर साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरली, तर ती त्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढी भरते. एवढी बारीक लहर माणसाच्या डोक्यावरून प्रथम टिपली ती जर्मनीतील येना या गावच्या हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने, १९२४ साली. पाच वर्षे त्याने आपले काम कोणास दाखविले नाही. १९२९ साली ते छापले, तेव्हा अनेकांनी मान हलविली. १९३४ साली केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वतः करून पाहिला आणि मग जगाचा विश्वास बसला.

या तपासणीस आज दवाखान्यात सर्वजण ईईजी म्हणतात. डोक्यावर ठिकठिकाणी धातूच्या लहान चकत्या लावतात, त्यांना तारा जोडतात आणि यंत्र मेंदूच्या लहरींचा आलेख काढते. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. तारा पाहून पुष्कळ खेडूत बंधुभगिनी घाबरतात; रोग्यास शॉक देणार, असे त्यांस वाटते. ईईजीचे यंत्र वीज देत नाही, मेंदूतून येणारी वीज केवळ वाचते. शॉकची उपचारपद्धती ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे.

आलेखातील लहरींना त्यांच्या वेगावरून नावे दिलेली आहेत. माणूस जागा असून डोळे मिटून स्वस्थ पडला की डोक्याच्या मागील भागात सेकंदास ८ ते १३ या गतीच्या लहरी उमटतात. या अल्फा लहरी. डोळे उघडताच त्या मावळू लागतात. त्याहून जलद त्या बीटा लहरी. मन कामात गुंतले असता त्या अधिक दिसतात. सेकंदास ४ ते ८ गतीच्या थीटा लहरी गुंगीच्या वेळी वाढतात. चाराहून कमी गतीच्या डेल्टा लहरी गाढ झोपेत येतात. चांगल्या चाललेल्या मागाचा आवाज ऐकून जुना कारागीर जसे डोळे मिटून सांगतो की माग बरोबर चालला आहे, तसे या लहरींवरून जाणत्या डॉक्टरास मेंदूच्या जागेपणाचा अंदाज येतो.

आता औषधांकडे वळू. मनोविकारावरील या जातीच्या औषधांचा आरंभ क्लोरप्रोमझिन या औषधाने झाला. ते डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधील रोन-पूलांक या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए यांनी तयार केले. रोग्यांच्या उपचारात त्याचे नाव होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५१ मध्ये, पॅरिसजवळील व्हिलझ्वीफ येथील मनोरुग्णालयात एका निरोगी डॉक्टर महिलेने ते शिरेतून टोचून घेतले. तिला प्रथम फारसे काही जाणवले नाही. मग भोवतालच्या साऱ्या गोष्टींविषयी एक प्रकारची उदासीनता आली. ती उठून चालू लागली आणि घेरी येऊन पडली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात डले व डेनिकर या डॉक्टरांनी तेच औषध बेफाम झालेल्या रोग्यांस दिले. कित्येक दिवस ओरडत असलेली माणसे शांत झाली, बोलू लागली, ओळखू लागली. एकाच औषधाची ही दोन रूपे वाचकांनी ध्यानी ठेवावी. निरोगी डॉक्टरीण मूर्च्छित झाली आणि रोगी भानावर आले.

या कथेत आपल्या देशाचा आणि गुजरातेचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या जंगलांत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बिहारात तिला वेड्याचे औषध या अर्थाच्या नावानेच ओळखत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीचा उपयोग उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर होतो असे प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपला अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यापासून रेसर्पिन हे सत्त्व वेगळे करण्यात आले. १९५३ साली बडोद्यास भरलेल्या वैद्यकीय परिषदेत अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोविकारांवर या मुळीच्या उपयोगाविषयी निबंध वाचला. त्याची बातमी न्यू यॉर्कपर्यंत पोचली आणि तेथील नेथन क्लाइन यांनी ते औषध आपल्या रोग्यांस देऊन १९५४ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

परंतु याच मुळीची दुसरी बाजूही जुन्या वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. बिहारातील गरीब घरांत लहान मुलांस झोपविण्यासाठी ती देत असत. मूल निरोगी, औषध वेड्याचे! कामावर जाणाऱ्या आईची अडचण आपण समजू शकतो. तथापि त्या मुलाच्या मेंदूवर काय गुदरत असेल, याचा विचार करण्यास तेव्हा कोणाजवळ साधन नव्हते. रेसर्पिनने कित्येकांस उदासीनतेचा आजार जडतो असे पुढे दिसून आले आणि मनोविकारांवर त्याचा वापर जवळजवळ बंद झाला.

साधन आले ते ईईजीच्या रूपाने. १९६० नंतरच्या काळात काही संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांस औषधाचा एक-एक डोस देऊन त्यांचे आलेख काढण्यास आरंभ केला. मूळचे तुर्कस्तानचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले तुरान इटिल हे त्यांतील एक प्रमुख होते. रोगी निवडला तर आलेखातील फरक रोगाचा की औषधाचा, हे कळत नाही. निरोगी माणसात रोगच नसल्यामुळे जो फरक दिसेल तो औषधाचाच असणार, असा त्यामागचा साधा विचार होता. या रीतीने असे आढळले की झोपेची, चिंतेची, उदासीनतेची आणि मनोविकाराची औषधे आलेखावर आपापली निराळी खूण ठेवतात. मियान्सेरिन हे औषध उदासीनतेवर उपयोगी पडेल, हे इटिल यांनी निरोगी माणसांच्या आलेखांवरूनच ओळखले आणि पुढे ते खरे ठरले.

मनोविकारावरील औषधांची खूण कोणती? क्लोरप्रोमझिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी गुंगी आणणारी औषधे घेतली असता निरोगी जाग्या माणसाच्या आलेखात अल्फा लहरी कमी होतात आणि मंद लहरी, म्हणजे थीटा व डेल्टा, वाढतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर डोळे उघडे असतात, पण मेंदूची लय झोपेकडे झुकलेली असते. सर्वांत ठळक फरक क्लोझापिनचा. त्याने काही जणांच्या आलेखात फेफऱ्यासारखे तीक्ष्ण टोकही उमटतात. रोग्यांमध्ये दिवसास ३०० मिलिग्रॅमच्या आत घेतल्यास शंभरात सुमारे एकास आणि ६०० मिलिग्रॅमच्या वर घेतल्यास शंभरात चारांहून अधिकांस झटके येतात असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. म्हणूनच डॉक्टर हे औषध अगदी थोडक्या प्रमाणाने सुरू करून हळूहळू वाढवितात.

उधन्याच्या त्या तरुणाचे काय झाले, हे यावरून समजण्याजोगे आहे. धागा तुटलेला दिसत होता, म्हणजे डोळ्यांचे काम चालू होते. परंतु दिसले त्याप्रमाणे हात हलविण्याची जी तत्परता लागते, ती गुंगीने हिरावून घेतली होती. ओलान्झापिनने उठताना रक्तदाबही उतरतो. भिंत धरावी लागली ती बहुधा त्यामुळे.

तथापि आलेख म्हणजे सर्व काही नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हॅलोपेरिडॉल हे औषध १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल जान्सन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचा अल्पसा एकच डोस निरोगी माणसास दिला तर आलेखात दिसणारा फरक थोडा असतो, आणि निरनिराळ्या प्रयोगांत निरनिराळा. मग त्याने काहीच होत नाही काय? १९७७ साली बेलमेकर व वाल्ड या जेरुसलेमच्या दोघा संशोधकांनी ते ५ मिलिग्रॅम स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले. दहा मिनिटांत विचार व हालचाल मंदावली आणि त्याच वेळी आतून विलक्षण अस्वस्थता सुरू झाली. दोघेही निरोगी, शिकलेले, औषधाचे जाणकार. परंतु छत्तीस तासांहून अधिक काळ त्यांस कामावर परत येता आले नाही. मनोविकाराचा एखादा रोगी एका जागी बसू शकत नाही, सारखे पाय हलवितो, घरातल्या घरात फेऱ्या मारतो. तेव्हा घरची माणसे त्यास दटावतात. ही अस्वस्थता कित्येकदा औषधाची असते, हे या दोघांच्या अनुभवाने आपणांस शिकविले. ती डॉक्टरांस सांगितली तर औषधाचे प्रमाण बदलून वा जोडीस दुसरे औषध देऊन कमी करता येते.

येथवर वाचून कोणासही वाटेल की मग ही औषधे वाईटच. या ठिकाणीच आपण थांबून नीट विचार केला पाहिजे.

मेंदूतील पेशी ज्या रसायनांनी एकमेकींस निरोप देतात, त्यांपैकी एक डोपमिन. स्वीडनच्या आर्व्हिड कार्ल्सन यांनी १९५७ साली त्याचे महत्त्व ओळखले. त्यांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्किझोफ्रेनियाच्या वाढत्या अवस्थेत मेंदूच्या एका भागात हे निरोप प्रमाणाबाहेर जाऊ लागतात. कोपऱ्यातील सावलीलाही अर्थ चिकटतो, शेजाऱ्याच्या खोकण्यातही कट दिसतो. औषध हे निरोप घेणारी दारे अडविते. साधारणतः शंभरांतील ६५ ते ८० दारे अडली असता रोग्यास आराम पडतो. ८०च्या वर गेल्यास अंग ताठरणे, हात कापणे असे त्रास वाढतात. रोग्याच्या मेंदूत निरोपांचा पूर आलेला असतो, म्हणून दारे अडविणे त्यास तारक ठरते. निरोगी मेंदूत पूर नसतोच. तेथे तीच दारे अडविली तर रोजच्या कामास लागणारे निरोपही अडतात, आणि माणूस मंद, बेचैन, निरुत्साही होतो.

मधुमेहाचे उदाहरण आपल्या सर्वांच्या घरचे आहे. आजोबांस रोज सकाळी इन्सुलिन टोचतात आणि त्यावर ते हिंडूफिरू शकतात. तेच इन्सुलिन धडधाकट नातवाने टोचून घेतले तर रक्तातील साखर उतरून तो घामाघूम होईल, कदाचित बेशुद्ध पडेल. नातू बेशुद्ध पडला म्हणून आजोबांचे इन्सुलिन विष ठरते काय? आजोबांचे इन्सुलिन बंद केले तर काय होईल, हे कोणीही सांगेल. मनोविकाराच्या गोळीविषयी मात्र आपण असा विचार करीत नाही, कारण मनाचा आजार हा शरीराचा आजार आहे यावर आपला मनापासून विश्वास बसलेला नसतो.

यास्तव त्या भगिनीस आमचे उत्तर असे. धाकट्याचा अनुभव थोरल्यास लावू नका. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ प्रयोगांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. बरे वाटत असलेल्या रोग्यांपैकी ज्यांनी औषध चालू ठेवले, त्यांतील शंभरांपैकी २७ जणांस वर्षभरात आजार उलटला. ज्यांचे औषध काढून पोकळ गोळी दिली, त्यांतील ६४ जणांस तो उलटला. एकाएकी गोळी थांबविली तर झोप उडणे, मळमळणे, जीव तळमळणे हेही होते. आजार उलटल्यावर पुन्हा आवाज, पुन्हा संशय, पुन्हा रात्री-बेरात्री घर सोडून जाणे. आणि मागच्या खेपेइतके पुढच्या खेपेस सावरेलच अशी खात्री नसते.

मात्र उत्तराचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो आम्ही घरातील इतर मंडळींस उद्देशून लिहीत आहोत. निरोगी माणसांवरील प्रयोगांनी हे सिद्ध केले की मंदपणा हा औषधाचाही असतो. रोगी सकाळी उशिरा उठतो, हाक मारली तर सावकाश ओ देतो, विहिरीवरून पाणी आणावयास सांगितले तर अर्ध्या वाटेत उभा राहतो. आपण त्यास आळशी म्हणतो, ऐतखाऊ म्हणतो. दोन जाणते संशोधक एका डोसाने छत्तीस तास कामास मुकले. आपला मुलगा तर रोज गोळी घेऊन रोज उठतो, अंघोळ करतो आणि जमेल तेवढे काम करतो. कालांतराने शरीर बऱ्याच अंशी सरावते हे खरे, तरीही त्याच्या त्या रोजच्या धडपडीस टोमण्याची नव्हे, कौतुकाची गरज आहे. आणि मंदपणा फार असेल तर तो निमूटपणे सोसण्याचेही कारण नाही. गोळी रात्री घेणे, प्रमाण थोडे उतरविणे, दुसरे औषध पाहणे, असे अनेक उपाय डॉक्टरांच्या हाती असतात. परंतु ते सांगितल्याखेरीज त्यांस कळावे कसे? पुढच्या खेपेस रुग्णालयात जाताना रोगी किती तास झोपतो, वजन वाढले का, पाय स्वस्थ राहतात का, हे कागदावर लिहून न्यावे. ईईजी काढावयाची असल्यास रोगी कोणत्या गोळ्या घेतो ते आधी सांगावे, कारण गोळीने आलेख बदलतो. हेही ध्यानात असू द्यावे की ईईजी फेफऱ्याची शंका फेडण्यास उपयोगी पडते. स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही.

आता धाकट्या मुलांविषयी. 'एका गोळीने छान झोप लागते' असे मित्राने सांगितले म्हणून दुसऱ्याची गोळी घेण्याची चाल शहरांत वाढत आहे. रात्रपाळीच्या कामगारांत तर विशेष. ओलान्झापिनने गाढ झोपेच्या मंद लहरी निरोगी माणसातही वाढतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. पण त्या झोपेची किंमत मोठी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांस हे औषध केवळ नऊ दिवस दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. मधुमेहाकडे जाणारी वाट ती हीच. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा खोली काळोखी करावी, पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, झोपेची वेळ रोज एकच ठेवावी. आणि तरीही झोप येत नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जावे, भावाच्या पाकिटाकडे नव्हे.

आणखी एका जातीच्या निरोगी लोकांचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मनोविकारांवरील औषधांचा गुजरातेशी आज फार निकटचा संबंध आहे. सुरतेच्या दक्षिणेस असलेले वापी १९६४ पर्यंत सुरत जिल्ह्यातच होते. तेथे १९८३ साली दिलीप संघवी यांनी मनोविकारांवरील पाच औषधे घेऊन सन फार्मा ही कंपनी सुरू केली. आज ती देशातील सर्वांत मोठी औषध कंपनी आहे. एक कंपनी जे औषध बनविते तेच दुसरीने बनविल्यास ते शरीरात सारखेच शोषले जाते की नाही, हे निरोगी माणसांस गोळी देऊन व वारंवार रक्त तपासून ठरवितात. अहमदाबाद हे या कामाचे मोठे केंद्र आहे आणि त्यात भाग घेणाऱ्यास मोबदला मिळतो. हे काम कायदेशीर आहे आणि त्यावाचून स्वस्त औषधे गोरगरिबांच्या हाती पडणार नाहीत. पण औषध कोणते, हे विचारल्याशिवाय कोणीही त्यास होकार देऊ नये. क्लोझापिनच्या बाबतीत निरोगी माणसांचा रक्तदाब व नाडी धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याची ही चाचणी निरोगी माणसांवर न करता, ते आधीच घेत असलेल्या रोग्यांवर करावी अशी शिफारस केली. आपल्या देशात २०१९च्या नियमांनुसार लेखी संमती, नैतिकता समितीची मान्यता आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, हे भाग घेणाऱ्याचे हक्क आहेत. संमतीचा कागद आपणांस कळणाऱ्या भाषेत समजावून मागावा आणि त्याची प्रत घरी आणावी. नाही म्हणण्याचा व मध्येच सोडून जाण्याचाही हक्क प्रत्येकास आहे.

उपचार कोठे मिळतात, असे विचारणाऱ्यांसाठी शेवटी थोडी माहिती. गुजरातेत सरकारी मनोरुग्णालये अहमदाबाद, बडोदे, जामनगर व भूज येथे आहेत. सुरतेत ती सोय निराळी नसली तरी न्यू सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे स्मिमेर रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा आहे. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. भगताच्या अंगाऱ्यात आणि गंड्यादोऱ्यात महिने घालविण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात तो फिरवावा. आजारी माणसासाठी घरी प्रार्थना होत असेल तर ती अवश्य व्हावी. गोळी चुकू न देणे तिच्या आड येत नाही.

मनोविकाराची गोळी घरात असेल तर ती डब्यात, कुलपात आणि एका जाणत्या माणसाच्या हाती असावी. जिच्या नावाने ती लिहून दिलेली आहे, त्या व्यक्तीस ती रोज वेळेवर मिळावी. आणि इतर कोणासही, झोपेसाठी असो वा गंमत म्हणून असो, एकही मिळू नये.